चांगल्या पायाचा बूट

फरमेमामांनी बूट उलटा केला, तळात अंगठा रोवला आणि तोंड वाकडं केलं.

"पोकळ आहे," ते म्हणाले. "आत नुसतं मधमाश्यांचं पोळं. कापला की संपला."

दुकानातली मुलगी दचकली. "काका, नवा बूट कापायचा कशाला?"

"ते तुला नाही कळायचं. दुसरा दाखव."

मुलीनं बाकावर बसलेल्या चिमणीकडे पाहिलं. चिमणी हसली. "दाखवा हो. ते असेच बोलतात. चौतीस वर्षं ऐकतेय मी."

चिमणी म्हणजे काही लहान पोर नव्हे. शाळेत गणित शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाई. पण सात वर्षांची असताना पहिल्यांदा मामांकडे आली, तेव्हा स्टुलावर बसून इतकी चिवचिवली, की तिथल्या तिथे तिला हे नाव पडलं ते पडलंच. तिचा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा थोडा आखूड. डाव्या बुटाच्या तळाला थर चढवायचे, उणी असलेली उंची भरून काढायची आणि पोर सरळ चालेल असं बघायचं, हे मामांचं काम. त्यांनी ते असं केलं होतं, की चिमणी लंगडते हे अनोळखी माणसाला सांगूनही पटलं नसतं.

मामांचं नावही असंच पडलेलं. पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, ज्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात, त्याला फरमा म्हणतात. मामांच्या घराच्या पुढच्या खोलीत एके काळी भिंतभर फरमे होते, एकेका गिऱ्हाइकाचे, प्रत्येकावर पेन्सिलीनं माप लिहिलेले. त्यांतली काही माणसं तयार बुटांकडे गेली, काही देवाघरी गेली. आता खाली काढला जाणारा फरमा एकच होता. चिमणीचा.

आणि पंधरा दिवसांपूर्वी त्याच चिमणीनं स्टुलावर बसून सांगितलं होतं, "मामा, मला रोजचे बूट हवेत."

"मग हे काय लग्नातले आहेत?"

"तसं नाही हो." तिनं पाय पुढे केले. काळे, चामड्याचे, घोट्याच्या वर चढणारे, वजनदार बूट. सगळी शिलाई मामांच्या हातची. "हे घातले की लोक आधी पायांकडे बघतात, मग माझ्याकडे. शाळेत ठीक आहे, पोरांना सवय झालीय. पण भाजी आणायला, मैत्रिणीकडे जायला मला असे हवेत, की कुणी बघूच नये. साधे, पांढरे, घोट्याच्या खाली राहणारे. शाळेतली निम्मी पोरं घालतात ना, तसले."

"तयार बुटाला उंची कशी देणार?"

"देता येते. तळ मधोमध आडवा कापायचा, आत थर घालायचा, पुन्हा चिकटवायचा. नव्या दवाखान्यात करून देतात म्हणे."

"मग तिकडेच जा की."

"जाणार होते. पण म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

आतून मामींचा आवाज आला होता, "अहो, विचारायला आलीय ती. तोंड पाडून काय बसलाय?"

मामा बूट निवडायला बरोबर येतो म्हणाले ते साळसूदपणानं. पोटात वेगळंच होतं. खोट नाही असा तयार बूट त्यांनी आजवर पाहिला नव्हता. चार दुकानांत चाळीस खोटी दाखवल्या की चिमणी आपोआप नाद सोडेल. एकदा का तयार बूट तिच्या पायात बसला, तर पुढचा जोड काय, कुठेही होईल. मग तो शेवटचा फरमाही भिंतीला.

आता ते खोटी काढत होते, आणि गंमत अशी की त्यांतली एकही खोटी नव्हती. पुढून वर वळलेला धावायचा बूट पाहून ते म्हणाले, "ही होडी आहे, बूट नव्हे." विणलेल्या कापडाचा बूट त्यांनी मुठीत चुरगाळला. "हा मोजा आहे. आखूड पायाला टाच घट्ट धरणारा बूट लागतो. यात टाच पोहेल." एकाच्या तळात हवेचा फुगा होता. तो त्यांनी नुसता लांबून पाहिला आणि मान हलवली.

मुलीच्या पायाशी खोक्यांचा ढीग झाला. "काका," ती म्हणाली, "तुम्ही बूट घ्यायला आलात की पेपर तपासायला?"

"पेपर ही तपासते. मी नापास करतो."

मुलगी हसली, कमरेवर हात ठेवून क्षणभर विचार करत उभी राहिली आणि मागच्या फळीवरून एक खोकं घेऊन आली. "हा बघा. जुनाच प्रकार आहे. वर्षानुवर्षं बदललाच नाही. याला कुणी बघतही नाही, पण खपतो मात्र रोज."

पांढरा, बसका, नाडीचा बूट. मामांनी तो उलटा केला. तळ सपाट, टाचेपासून चवड्यापर्यंत एका रेषेत. अंगठा दाबला, आत गेला नाही. भरीव रबर. काठानं शिलाई फिरली होती, तिचे टाके त्यांनी नखानं मोजले. टाचेची वाटी दोन बोटांनी दाबली, ती दबली नाही. बूट वाकवला, तर चवडा जिथे वाकतो नेमका तिथेच वाकला. शेवटी त्यांनी तो नाकाला लावला. मुलीनं तोंडावर हात धरला.

मामांनी पुढच्या खोक्याकडे हात नेलाच नाही.

"यात काय खोट आहे, मामा?" चिमणीनं विचारलं.

तिनं ते डॉक्टरला विचारावं तसं विचारलं होतं. मामांना ठाऊक होतं, तळ सुटेल एवढं जरी आपण म्हणालो, तरी ती बूट खाली ठेवेल आणि दुसरा प्रश्न विचारणार नाही. त्यांनी बूट पुन्हा फिरवला. नाडीच्या भोकाशी एक धागा सुटला होता.

"इथे धागा सुटलाय."

"आणि?"

मामांनी तो धागा दातानं तोडला. "आणि काही नाही. चांगला बूट आहे." शेजाऱ्याचा मुलगा पहिला आला हे सांगताना माणसाचा जसा आवाज निघतो, तसा त्यांचा निघाला.

मुलगी दोन्ही बूट घालायला देऊ लागली तर चिमणी म्हणाली, "डावाच द्या. डावा बसला की उजवा बसतोच." मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या लेखीही चिमणीला पाय एकच होता, डावा. उजवा काय, तो चांगला पाय.

घरी परतल्यावर मामांनी माळ्यावरून फळ्यांचं पुडकं उतरवलं आणि फडक्यानं धूळ झटकली. पातळ, गुळगुळीत, प्रत्येकी तीन मिलिमीटर जाडीच्या फळ्या. आखूड पायाखाली त्या एकावर एक सारायच्या. दोन्ही बाजूंची कमरेची हाडं समान पातळीत आली, की जेवढ्या फळ्या तेवढी उंची.

चिमणीचा चेहरा उतरला. "जुनंच माप घ्या की. अकरा फळ्या."

"जड बुटात थोडंफार इकडंतिकडं खपून जातं. हलक्या बुटात नाही खपत."

"तुम्ही म्हणाला होतात, पुन्हा उभं करणार नाही म्हणून."

म्हणाले होते खरे. तेरा वर्षांची असताना ती अशीच फळ्यांवर उभी होती. गिऱ्हाईक म्हणून आलेला एक माणूस खोलीत बसून तिच्याकडे बघत होता. "बिचारी," तो म्हणाला होता, "रूपानं बरी आहे, पण टेकू लावावा लागतो." चिमणी तशीच, अनवाणी, रस्त्यावर धावत सुटली. मामा मागे धावले. तिला शांत करताना त्यांनी शब्द दिला: आता तुला पुन्हा कधी फळीवर उभी करणार नाही. तो शब्द त्यांनी अठ्ठावीस वर्षं पाळला होता. त्या दिवशीचं माप, अकरा फळ्या, फरम्यावर लिहिलेलं होतं आणि दर जोडाला तेच लागत होतं.

"आज खोलीत कोणी नाही," मामा म्हणाले. "मी आणि तुझी मामी. आणि मामीला काय, तू डोक्यावर उभी राहिलीस तरी चालेल."

"बरं," चिमणी म्हणाली. तिनं बूट स्वतःच दाराबाहेर काढून ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मामांनी अकरा फळ्या सारल्या. मामींनी दोन्ही हातांचे अंगठे तिच्या कमरेच्या हाडांवर ठेवून गवंड्याची पाणसळ आडवी धरली. काचेतला बुडबुडा डावीकडे सरकला आणि तिथेच थांबला.

"तुझा हात हलतोय," मामा म्हणाले.

"माझा हात जागच्या जागी आहे. तुमचा डोळा हलत असेल."

मामांनी एक फळी काढली. बुडबुडा थोडा आत आला. आणखी एक काढली, तेव्हा तो मध्यावर येऊन स्थिरावला. नऊ. मामांनी सगळ्या फळ्या काढल्या, पुन्हा लावल्या. नऊ. तिसऱ्यांदा लावल्या. नऊच.

"किती?" भिंतीकडे तोंड करूनच चिमणीनं विचारलं.

मामींनी तोंड उघडलं. मामांनी हातानं खूण केली.

"बरोबर आहे," मामा म्हणाले.

"अच्छा," चिमणी म्हणाली आणि खाली उतरली. गणिताच्या बाईंनी आकडा पुन्हा विचारून घेतला नाही, हे मामांना तेव्हाच खटकायला हवं होतं. पण त्यांच्या कानांत वेगळंच वाजत होतं.

"कंबर दुखते का गं कधी?"

"छे."

"पाठ?"

"काही नाही हो मामा. ठणठणीत आहे मी."

ती गेल्यावर मामींनी पाणसळ बाजूला ठेवली. "सांगितलं का नाहीत तिला?"

"काय सांगू? तेराव्या वर्षानंतर तू वाढलीस, ते माझ्या ध्यानातच आलं नाही? अठ्ठावीस वर्षं तुला दोन फळ्या वाकडी चालवली, असं?"

"पण ती वाकडी चालत नाही."

"तेच तर कळत नाही."

कळलं नाही तरी करायचं काय ते त्यांनी ठरवलं. नव्या बुटाला नऊ फळ्यांची उंची द्यायची. चूक नकळत झाली होती, तशी नकळत मिटेल. पोरीच्या कानावर घालायची गरज नाही.

काम चार दिवस चाललं. डाव्या बुटाच्या तळाभोवती मामांनी पेन्सिलीनं रेघ मारली, रापी पाण्यात बुडवली आणि रेघेवरून रबर कापत नेलं. कोरडी रापी रबराला चिकटते, ओली सरसर जाते. तळ पावासारखा दोन भागांत उघडला. आतून भरीव निघाला, तेव्हा मामांनी मान डोलावली. मध्ये बसवायला त्यांनी पांढरं हलकं रबर आणलं होतं. टाचेला पूर्ण उंची, चवड्याकडे उतरत गेलेली, कारण तिथे पाय वाकायला हवा. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबले, मग दाबून वरून रबराची पट्टी आवळून बांधली. शेवटी कड घासली. ती इतकी घासली, की जोडाच्या दोन रेघा मुद्दामच काढलेल्या वाटाव्यात. राग विसरून दुसऱ्या दिवसापासून ते शीळ घालत होते, हे मामींनी पाहिलं, पण बोलून दाखवलं नाही.

रविवारी सकाळी चिमणी आली. दोन्ही बूट तिनं हातांत तोलून पाहिले. "वजनात फरकच नाही!"

"घाल आधी. मग बोल."

ती स्टुलावर पाठमोरी बसली. तिला जरा जास्तच वेळ लागला.

"नाड्या बांधतेस की गणित सोडवतेस?" मामींनी विचारलं.

"झालं, झालं." चिमणी उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि दारापासून मामांच्या बूट ठोकायच्या ऐरणीपर्यंत चालत आली.

पहिलं पाऊल मामांना दिसलं नाही, ते बूट बघत होते. दुसऱ्या पावलाला त्यांची नजर वर गेली. तिसऱ्याला डावा खांदा खाली गेला. पाचव्याला पुन्हा गेला. चौतीस वर्षांत जी मुलगी त्यांच्यासमोर कधी लंगडली नव्हती, ती लंगडत होती.

"छान आहेत," चिमणी म्हणाली. पण तिचा हात फरम्यांच्या फळीचा आधार शोधत होता.

"पुन्हा चाल."

ती पुन्हा चालली. मामींनी पदर तोंडाशी नेला.

"हलके आहेत ना," चिमणी घाईनं म्हणाली, "मला सवय नाही. होईल दोन दिवसांत. तुमचं काम काही चुकलेलं नाही, मामा."

मामा गुडघ्यांवर बसले. पट्टी लावून त्यांनी डाव्या बुटाचा थर मोजला. बरोबर नऊ फळ्या, केसाचा फरक नाही. मग त्यांची नजर हळूच शेजारच्या बुटाकडे गेली.

"उजवा काढ."

"उजवा कशाला? तो तर चांगला पाय आहे."

"काढ म्हणतो ना."

चिमणी हलली नाही. शेवटी मामांनी स्वतःच नाडी सोडली. आजवर उजव्या बुटाचं चामडं त्यांनीच शिवायचं, तळही त्यांनीच लावायचा; पण दुरुस्तीला यायचा तो नेहमी रिकामा, आणि पायात असताना त्याच्याकडे बघण्याचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं. त्यांनी आत हात घातला. बोटांना पुठ्ठा लागला.

एकाखाली एक, तीन पुठ्ठे निघाले. वहीच्या कव्हरांचे, पावलाच्या आकारात कापलेले. वरचा नवा होता. सगळ्यात खालचा काळवंडलेला, मऊ पडलेला, टाचेशी आणि अंगठ्याशी खोल खड्डे पडलेला. मामांनी तिन्ही एकत्र धरून पट्टीला लावले. सहा मिलिमीटर. दोन फळ्या.

जुना डावा बूट दोन फळ्या उंच होता, म्हणून तिनं उजवा पाय दोन फळ्या उंच करून घेतला होता; 'बरोबर आहे' ऐकून नवाही अकराचाच असणार असं तिनं धरलं होतं.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"कॉलेजात गेले तेव्हापासून. पाठ दुखायची. मग एकदा घरी आरशासमोर मोजून बघितलं."

"मला सांगायचं नाहीस?"

चिमणी सुटलेल्या नाडीकडे बघत होती. "तुम्ही शब्द दिला होता. सांगितलं असतं तर तो तुम्हाला मोडावा लागला असता." मग हळूच म्हणाली, "आणि तुम्ही इतक्या मनापासून बूट करायचात."

"वा!" मामी म्हणाल्या. "हे नऊचे बूट करून गप्प, ही पुठ्ठे घालून गप्प. एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा!"

कुणी हसलं नाही. मामींनाही हसू आलं नाही. त्या आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज करू लागल्या.

मामा अजून जमिनीवरच होते. "माप माझं चुकलं होतं," ते म्हणाले. "अकरा नव्हे. नऊ."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे ते दिसतंय. तरी मला म्हणू दे."

चिमणीनं मान डोलावली.

मामांनी वरचा पुठ्ठा उजेडाकडे धरला. त्याची कड आतून उतरती तासली होती, पायाला टोचू नये अशी. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, दोनदा.

"कड तासायला कुणी शिकवली?"

"कोण शिकवणार?" चिमणी म्हणाली. "या स्टुलावर बसून काय मी माश्या मोजत होते?"

मामांनी पुठ्ठे ऐरणीवर ठेवले, रिकामा बूट तिच्या पायात चढवला आणि नाडी बांधली. तिची बांधायची पद्धत त्यांना माहीत नव्हती, म्हणून आपल्या पद्धतीनं बांधली. "जा. कोपऱ्यापर्यंत जाऊन ये."

ती गेली. मामा दारात उभे राहिले. दोन्ही खांदे एका रेषेत जात होते. कोपऱ्यावर समोरून पिशवी घेऊन एक बाई आल्या, शाळेतल्या कुणा पोराची आई असावी. त्या थांबल्या, चिमणीच्या तोंडाकडे बघत पाच मिनिटं बोलल्या, पोराच्या मार्कांबद्दलच असणार, आणि निघून गेल्या. खाली त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

चिमणी परत आली, तेव्हा तिचे गाल तांबडे झाले होते. मामींनी चहा आणला. तो तिघांनी उभ्यानंच घेतला. जुने काळे बूट चिमणीनं पिशवीत घातले. मामा ते काढून घेणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "शाळेत हेच. पण डावा दोन फळ्यांनी उतरवून द्या. आज नको. मला आधी जाऊन मैत्रिणीला हे दाखवायचेत."

"कुणी बघूच नये म्हणत होतीस ना?"

"मैत्रीण म्हणजे काय कुणी का?"

ती दाराशी गेली. "येते, मामा."

जाणारं माणूस 'येते'च म्हणतं. मामांनी हा शब्द तिच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता आणि त्यावर नुसती मान डोलावली होती.

"कधी?" त्यांनी विचारलं.

चिमणी पायरीवर थांबली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे जमिनीवर पसरलेल्या फळ्यांकडे.

"पुढच्या रविवारी बूट घेऊन," ती म्हणाली. "आणि माप घ्यायला, दर वर्षी सुट्टी लागली की. त्या फळ्या पुन्हा माळ्यावर टाकू नका."